तोंडी सांगितलं तर लेखी मागा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच काळजीची आहेत, बोललो तर काय होईल, आपल्या फोनमध्ये कोण बघतंय, आणि साहेबांनी नुसतं तोंडी सांगितलं तरी ते ऐकायलाच लागतं का. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आहेत, त्यातली काही निवडलीत, कोणाचंही नाव गाव छापलेलं नाही आणि ते मुद्दाम. मी वकिली करते, पण इथे जे लिहिते तो सगळ्यांसाठीचा खुलासा आहे, तुमच्या हातात खरंच नोटीस पडली असेल तर ती घेऊन वकिलाकडे जा. पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे जा, बायकांना तर उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, हे अजून कितीतरी जणींना माहीतच नाहीये.

प्रश्न: आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन माझे वडील आहेत, वय ६७. गाववाले आणि मुंबईचे चाकरमानी सगळे त्यात. गणपतीच्या आधी एकाने वाडीच्या रस्त्याचे फोटो टाकले, पहिल्या पावसातच खडी वर आलीय, आणि ठेकेदाराचं आणि एका पुढाऱ्याचं नाव घेऊन लिहिलं की दोघांनी पैसे खाल्ले. दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन, पोलीस स्टेशनमधून बोलतोय, पोस्ट डिलीट करा आणि ग्रुप बंद करा, नाहीतर गुन्हा तुमच्यावर. वडिलांनी घाबरून ग्रुपच बंद केला. ॲडमिन म्हणून ते खरंच अडकतात का?
(रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: नाही अडकत, हे आधी वडिलांना सांगा म्हणजे त्यांना झोप लागेल. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणी आक्षेपार्ह लिहिलं म्हणून निव्वळ ॲडमिन आहे एवढ्यावरून त्याला आरोपी करता येत नाही, दोघांनी आधी ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. ॲडमिन माणसाला ग्रुपमध्ये घेऊ शकतो आणि काढू शकतो, पण कोण काय लिहिणार हे त्याला आधी कसं कळणार.

आता ज्याने लिहिलं त्याच्याबद्दल, कारण तिथे थोडं जपायला हवं. रस्त्याचा फोटो, तारीख, काम कधी झालं, बिल किती निघालं, खडी कधी वर आली, हे सगळं बेधडक लिहा, हा तुमच्या पैशाचा हिशेब आहे. पण "अमक्याने पैसे खाल्ले" असं नाव घेऊन लिहिलंत आणि हातात कागद नसेल तर तो माणूस बदनामीचा दावा लावू शकतो, फौजदारीसुद्धा, आता ते भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३५६ झालंय. तरी त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा, बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस आपणहून त्यावर एफआयआर करू शकत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तक्रार करायची असते. म्हणजे फोनवरून "गुन्हा दाखल करतो" ही जी धमकी दिली गेली, ती बदनामीपुरती तरी पोकळ आहे.

आणि "आक्षेपार्ह पोस्ट" हे जे सरसकट वापरतात ना, त्यासाठी पूर्वी एक कलम होतं, आयटी कायद्याचं ६६ए. त्याचा सगळ्यात गाजलेला बळी आपल्याकडचाच आहे. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं, दोघींना अटक. नुसतं लाइक केलं म्हणून अटक! देशभर संताप झाला, दिल्लीतली कायद्याची एक विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला, श्रेया सिंघल केसमध्ये, कोर्टाने ६६ए पूर्ण रद्द केलं. त्या निकालातला जो भाग मला फार मोलाचा वाटतो तो असा की चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा जोरात पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, पहिल्या दोघांना हात लावायचा नाही, ती कोणाला कितीही झोंबली तरी. तरीसुद्धा नंतर कितीतरी वर्षं पोलीस ठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे लागत राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा आदेश काढून सांगावं लागलं की हे थांबवा. कायदा दिल्लीत रद्द झाला तरी तालुक्यात पोचायला वेळ लागतो, म्हणून आपणच तो माहीत करून घ्यायचा.

मार्च २०२५ चा निकालही जवळ ठेवा, कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी म्हटलं की बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या मधली असेल, तर लगेच एफआयआर न करता आधी प्राथमिक चौकशी करणं हेच योग्य, नागरी सुरक्षा संहितेत, म्हणजे पोलिसांनी तपास, अटक, नोटीस कशी करायची त्याच्या नव्या कायद्यात, कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. आणि लिहिलेल्याचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या मापाने नाही.

परत असा फोन आला तर वडिलांनी काय करायचं ते सांगते. समोरच्याचं नाव, हुद्दा, बक्कल नंबर आणि पोलीस ठाणं विचारून वहीत लिहून ठेवायचं, वेळ लिहायची, आणि शांतपणे म्हणायचं, साहेब, जे काही आहे ते लेखी द्या, मी उत्तर देतो. बस. भांडायचं नाही. बऱ्याचदा तो फोन पोलिसाचा नसतोच, पोलिसाचं नाव सांगून कोणीतरी कार्यकर्ता करतो. लेखी आलंच तर कलम बघा. पूर्वी ज्याला सगळे "१४९ ची नोटीस" म्हणायचे ती आता याच नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, ती फक्त प्रतिबंधक समज असते, गुन्हा नाही. कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहा सांगणारी, असेल तर मात्र तारखेला हजर व्हायचं, वकील घेऊन, आणि ती नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. वडील साठीच्या पुढचे आहेत, साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर पोलिसांनी घरी येऊन विचारायचं, ठाण्यात बोलवायचं नाही, कलम १७९.

आणि ग्रुप परत सुरू करा. पुढच्या गणपतीला चाकरमान्यांना रस्त्याची अवस्था कळायलाच हवी.

प्रश्न: तुमच्या सदरात नेहमी सरकारने हे करू नये ते करू नये असंच असतं. ज्याने काही वाईट केलं नाही त्याला कशाची भीती? उलट व्हॉट्सॲपवर लोक वाट्टेल ते पसरवतात, त्यावर कडक नियंत्रण हवंच. मी निवृत्त शिक्षक आहे, आमच्या वेळी एवढं स्वातंत्र्य नव्हतं आणि काही अडलंही नाही.
(रायगड जिल्हा)

उत्तर: गुरुजी, अफवांबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत या अफवेवर जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकलं, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. असल्या अफवा पसरवणाऱ्याला मोकळं सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. दंगल घडवणारी अफवा, जमावाला चिथावणी, दोन समाजांत वैर लावणं, याला कायद्यात आधीपासून कलमं आहेत आणि घटनेच्या कलम १९(२) मध्येही बोलण्यावर कुठल्या कारणांनी बंधन घालता येतं ते मोजून लिहून ठेवलंय, सार्वजनिक सुव्यवस्था त्यात आहे, देशाची सुरक्षा आहे, कोर्टाचा अवमान आहे, बदनामी आहे. सरकारवर टीका त्यात नाही. सरकारची गैरसोय त्यात नाही. खरं काय खोटं काय हे सरकारनेच ठरवायचं हेही त्यात नाही, म्हणून तर केंद्र सरकारने स्वतःबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या ठरवायला जो फॅक्ट चेक कक्ष काढला होता त्याचा नियम आपल्याच मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

"काही वाईट केलं नाही त्याला कशाची भीती" हे मात्र मला अजिबात पटत नाही. तुम्ही घराचं दार लावता, आजाराचे रिपोर्ट कपाटात ठेवता, मुलीच्या स्थळाची बोलणी चारचौघांत करत नाही, यात वाईट काय केलेलं असतं? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात शिरायचं असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतील, त्यासाठी कायदा आहे, हेतू रास्त आहे, आणि जेवढं गरजेचं तेवढंच करतोय. हे तीन प्रश्न विचारणं म्हणजे सरकारला विरोध नाही.

आणि आमच्या वेळी स्वातंत्र्य नव्हतं म्हणता, पण तुम्ही ज्या मातीत शिकवलंत तिथली माणसं आठवा. देवगडच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं, पारतंत्र्यात. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांसाठी सहा वर्षं मंडालेला पाठवलं. त्याच वेळी ब्रह्मदेशाचा राजा थिबा इंग्रजांनी आणून रत्नागिरीत डांबलेला होता, म्हणजे तिकडचा राजा इकडे आणि इकडचा संपादक तिकडे. राजद्रोहाचं ते कलम, १२४ए, स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तर वर्षं पुस्तकात राहिलं, मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं, आणि जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम १५२ आलंय ज्याचे शब्द वेगळे आहेत पण ते कुठपर्यंत ताणता येईल याची काळजी अनेक कायदेतज्ज्ञांना वाटते, मलाही वाटते.

लोकांनी आवाज केला की फरक पडतो याचं ताजं उदाहरण सांगते. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याने मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासून घालूनच विका. चोरीचा फोन ब्लॉक करायला ते ॲप कामाचंच आहे, ज्याला हवं त्याने घ्यावं, पण सक्तीने सगळ्यांच्या फोनमध्ये? देशभर विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. रात्री मित्राबरोबर बाइकवरून येताना नाकाबंदीला थांबवलं, लायसन्स, पीयूसी सगळं बरोबर होतं, तरी एकाने फोन मागितला, लॉक उघडायला लावला आणि व्हॉट्सॲप, गॅलरी सगळं चाळलं. काही सापडलं नाही म्हणून सोडलं. हे असं करू शकतात का?
(सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर: नाही. गाडीची कागदपत्रं मागणं हे त्यांचं काम आहे, तुझे फोटो बघणं नाही. कुठलाही गुन्हा नोंदवलेला नसताना, तुझ्यावर कसला ठराविक संशय नसताना, रस्त्यात उभं करून फोन चाळायचा अधिकार कुठलंच कलम देत नाही. तपासासाठी फोन हवा असेल तर नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश काढून मागता येतो, किंवा झडतीत जप्त करता येतो, पण मग पंचनामा व्हायला हवा, त्यात फोनचं मॉडेल आणि आयएमईआय नंबर हवा, आणि त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. पंचनाम्याची आणि जप्तीच्या यादीची प्रत मागायची, सही करायच्या आधी वाचायची.

पासवर्ड सांगायलाच लागतो का यावर वेगवेगळ्या कोर्टांनी वेगवेगळं म्हटलंय, घटनेच्या कलम २०(३) मध्ये कोणावर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही असं आहे आणि पासवर्ड त्यात बसतो की नाही हा वाद चालू आहे. म्हणून आरोपी म्हणून नाव आलं असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय लॉक उघडू नकोस.

पण बाळा, रात्री अकराला सुनसान रस्त्यावर चार पोलिसांसमोर कलमं म्हणून दाखवायला मी तुला सांगणार नाही, तुझा जीव महत्त्वाचा. एवढंच म्हण, साहेब, फोन कुठल्या गुन्ह्यात बघताय, तसं लिहून देता का. तरी ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी जागा, वेळ, गाडीचा नंबर लिहून पोलीस अधीक्षकांना अर्ज दे आणि पोच घे.

प्रश्न: आमचं समुद्राजवळ दोन खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि रोज रात्री व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा असं आम्हाला तोंडी सांगितलंय. पाहुणे कुरकुरतात. नाही म्हटलं तर लायसन्सचा प्रश्न येईल अशी भीती.
(मालवणी मुलखातून)

उत्तर: वहिनी, पाहुण्यांची नोंद ठेवणं यात गैर काहीच नाही, ती ठेवाच. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं, किनाऱ्यावर कोण येतं-जातं याची चौकशी पोलीस करणारच. पण नोंद म्हणजे रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, फोन, येण्या-जाण्याची तारीख आणि कुठलंही एक ओळखपत्र बघणं. आधारच पाहिजे असं नाही, लायसन्स चालतं, मतदार कार्ड चालतं. पाहुणा आधारच देत असेल तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. परदेशी पाहुण्याची माहिती मात्र ऑनलाइन भरावीच लागते, तिथे कसूर नको.

खरी भीती त्या रोजच्या फोटोंची आहे. शेकडो माणसांची आधार कार्डं कोणाच्या तरी खासगी फोनवर जाऊन पडतायत, तो फोन हरवला, तो माणूस बदलून गेला, मग? उद्या त्यातल्या कोणाच्या नावावर कर्ज निघालं तर पाहुणा तुम्हाला विचारणार. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, तो घेतलेली माहिती जपायची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकतो. तेव्हा गावातल्या चार-पाच होमस्टेवाल्यांनी मिळून एकच अर्ज द्या, की आम्ही नोंद द्यायला तयार आहोत, कुठल्या आदेशाने, कुठल्या अधिकृत पत्त्यावर, आणि किती दिवस ठेवणार ते लेखी कळवा. एकटीने दिलात तर तुमच्यावर डूख धरतील, सगळ्यांनी दिलात तर धरता येत नाही. आणि जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे रद्दीत घालू नका, जाळून टाका.

प्रश्न: ताई, आमची ल्हान होडी असा, बापूस आणि झील दोगय दर्यात जातंव. आता डोक्यार ड्रोन फिरता आणि होडयेर सरकारी यंत्र बसवतले म्हणतत. आमी काय चोर नाय. आमी खंय जातंव ता सगळा कोणाक कळतला? माका ता नको म्हणान सांगूक येता काय?
(देवगड तालुका)

उत्तर: बाबा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, चोर असल्यासारखं कोणी वर बघत राहिलं की मनाला लागतंच. पण ड्रोन आणि यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळंच बोलू. ड्रोन जानेवारी २०२५ पासून राज्यात नऊ ठिकाणांहून उडवतायत, एलईडीचे प्रखर दिवे लावून आणि परराज्यातून येऊन बेकायदा मासेमारी करणाऱ्यांना पकडायला. ही मागणी तर लहान मच्छीमारांचीच होती, तुमच्या वाट्याचा बांगडा आणि सुरमई ते मोठे ट्रॉलर उचलून नेतात. ड्रोन त्यांच्यावर फिरतोय तोवर तो तुमच्या बाजूचा आहे.

यंत्र म्हणजे ट्रान्सपॉन्डर, इस्रोच्या तंत्रावरचं, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्याचा देशव्यापी शुभारंभ झाला, एक लाख होड्यांवर बसवायचं ठरलंय. मोबाइलची रेंज नसते तिथूनही त्यावरून धोक्याचा संदेश जातो आणि वादळाची सूचना येते. निसर्ग आणि तौक्ते ही वादळं ज्यांनी समुद्रात किंवा काठावर काढली त्यांना त्याची किंमत सांगायला नको, म्हणून मी तुम्हाला बसवू नका असं सांगणार नाही.

पण प्रश्न विचारा. होडी रोज कुठे जाते याची नोंद कोणाकडे साठते, किती दिवस ठेवतात, व्यापाऱ्याला किंवा कंपनीला दिली जाते का. तुमच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या शोधलेल्या मासळीच्या जागा ही तुमची कमाई आहे, ती फुकट कोणाच्या हातात जाऊ नये. आणि त्या डेटा कायद्यात कलम १७ असं आहे की सुरक्षा, सुव्यवस्था अशी कारणं देऊन सरकार आपल्याच यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकतं, म्हणून हे प्रश्न आत्ताच, यंत्र बसवताना, मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर मत्स्य विभागाला विचारलेले बरे.

प्रश्न: आमच्या भागात मोठा प्रकल्प येतोय, आम्ही गावकऱ्यांनी संघर्ष समिती केलीय, ग्रामसभेत ठराव केलेत. आता सगळे म्हणतात जनसुरक्षा कायदा आला, समितीत नाव ठेवू नका, आत टाकतील. अर्ध्या बायकांनी नावं काढून घेतली. समितीच बेकायदा ठरू शकते का?
(राजापूर-लांजा भागातून)

उत्तर: या पत्रावर मी बराच वेळ विचार केला, कारण बायकांनी नावं काढून घेणं हे मला सगळ्यात जास्त लागलं. कायदा तुमच्यावर लावलेला नाही आणि माणसं आधीच मागे सरलीयत.

आधी नेमकं काय आहे ते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधानसभेत आणि विधान परिषदेत मंजूर झालं. मूळ मसुद्यावर बारा हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या, त्यानंतर संयुक्त समितीने तो बदलला आणि रोख "कडव्या डाव्या विचारसरणीच्या" संघटनांवर आणला. सरकारचं म्हणणं असं की शहरांतून नक्षलवादाला मिळणारी मदत तोडायला हे हवं. गडचिरोलीत पोलीस आणि आदिवासी दोघेही मेलेत, तेव्हा हिंसेला मदत करणाऱ्याला शिक्षा नको असं कोणीच म्हणत नाहीये. आमची काळजी व्याख्येची आहे. "बेकायदेशीर कृत्य" यात सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका, प्रस्थापित कायदा आणि संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन, असे सैल शब्द आहेत. सर्व्हेला आलेल्या गाडीसमोर बसलेल्या आजीची कृती कोणाला अवज्ञा वाटू शकते? वाटू शकते, म्हणूनच शब्द घट्ट हवे होते. शिक्षा दोन ते सात वर्षांपर्यंत आणि गुन्हे अजामीनपात्र.

पण तुमची समिती आपोआप बेकायदा ठरत नाही. सरकारला आधी राजपत्रात अधिसूचना काढून संघटना बेकायदा जाहीर करावी लागते, कारणं द्यावी लागतात, ते प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, आणि त्यावर हायकोर्टात जाता येतं. आज ग्रामसभेच्या ठरावावर चालणारी, शांततेने निवेदनं देणारी, वही-खातं ठेवणारी समिती असणं हा गुन्हा नाही, शस्त्राशिवाय एकत्र जमणं आणि संघटना करणं हे घटनेच्या कलम १९ मध्येच आहे.

तुमच्या भागाने काय काय बघितलंय ते मी वेगळं सांगायला नको. एप्रिल २०११ ला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरी नाट्याला गोळीबारात एक मच्छीमार गेला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी जमावबंदी, अश्रुधूर, बायकांना उचलून गाडीत घातलं, काही कार्यकर्त्यांना तालुक्यात यायलाच बंदी. त्याच्या दोन महिने आधी रिफायनरीबद्दल बातम्या लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं, पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. हे सगळं जनसुरक्षा कायद्याच्या आधीचं आहे, जुन्याच कलमांवर झालेलं. त्यामुळे नव्या कायद्यावर लक्ष ठेवाच, पण रोज वापरली जाणारी कलमं नीट समजून घ्या.

जमावबंदी म्हणजे पूर्वीचं कलम १४४, आता नागरी सुरक्षा संहितेचं १६३. तो आदेश लेखी असतो, कारणासकट असतो, दोन महिन्यांच्या वर चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तरी वर सहाच महिने. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रास्त मत मांडणं दाबायला हे कलम वापरता येणार नाही, आणि इंटरनेट बंद करायचं असेल तर तो आदेश जाहीर करावा लागेल, बेमुदत बंद ठेवता येणार नाही. हद्दपारीची नोटीस आली तर घाबरून गाव सोडू नका, त्यात आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, साक्षीदार देता येतात, आणि आदेश झाला तरी तीस दिवसांत सरकारकडे अपील आहे.

समितीचं काम मात्र चोख ठेवा. प्रत्येक सभेची नोंद, आलेल्या पैशाची पावती, निवेदनाची पोच, भाषणांचं पूर्ण रेकॉर्डिंग, कारण अर्धवट कापलेल्या व्हिडिओवरून गुन्हे होतात आणि पूर्ण व्हिडिओ असला की कोर्टात ते टिकत नाहीत. बाहेरून कोणी येऊन गावकऱ्यांना दगड उचलायला सांगत असेल तर त्याला त्याच सभेत उभं करून नाही म्हणा आणि तेही नोंदीत लिहा. आणि त्या बायकांना माझ्याकडून सांगा की नाव काढलं तरी ग्रामसभेत हात वर करायचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही, ग्रामसभेला सगळ्यांनी या.

प्रश्न: घरकुल योजनेत कोणाला किती पैसे मिळाले ते माहिती अधिकारात मागितलं. उत्तर आलं, ही वैयक्तिक माहिती आहे, नव्या कायद्याने देता येत नाही. आधी तर मिळायची. आता काय?
(ठाणे-पालघर भागातून)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला राग आला, कारण खासगीपणाचा हक्क नागरिकाला सरकारपासून वाचवायला आहे आणि इथे तो सरकारी कागद झाकायला वापरलाय. झालंय असं की डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागायचं, आता "वैयक्तिक माहिती" एवढंच लिहून नाकारता येतं. पत्रकारांनी, कार्यकर्त्यांनी याला जोरदार विरोध केलाय आणि तो योग्यच आहे.

पण दार पूर्ण बंद झालेलं नाही. कलम ८(२) जसंच्या तसं आहे, जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि कलम ४(१)(बी) मध्ये अनुदानाच्या योजना, त्यावर दिलेला पैसा आणि लाभार्थ्यांचा तपशील हे कार्यालयाने कोणी न मागताच प्रसिद्ध करायचं आहे. तेव्हा पहिल्या अपिलात, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, ही दोन्ही कलमं नाव घेऊन लिहा. लाभार्थ्यांचे आधार नंबर, बँक खाती, फोन मला नकोत, फक्त नाव, गाव, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा हव्यात, असं स्पष्ट लिहा म्हणजे खासगीपणाची सबब उरत नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत ठेवा, आपल्या राज्याच्या नियमात तसं आहे आणि त्यावरून अर्ज अडवतात. माहिती कशाला हवी ते लिहू नका, कलम ६(२) प्रमाणे विचारायचा त्यांना अधिकारच नाही. पहिलं अपील फेटाळलं किंवा पंचेचाळीस दिवस उलटले तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे करा, सोबत मूळ अर्ज, नकाराचं पत्र आणि पहिल्या अपिलाची पोच जोडा. तिथे तारीख यायला उशीर लागतो, तोवर तोच प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा.